वळलेल्या झोताची खूण

आज सकाळी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून जाताना रंगाईच्या एका कारखान्याचं धुराडं दिसलं. वारा नुकताच फिरला असावा. तोंडातून निघणारा ताजा, काळपट धूर उत्तरेकडे कलला होता; आणि दूर वर मात्र अगोदरचा धूर विरळ होत पूर्वेलाच तरंगत होता. वाऱ्याने दिशा बदलली हे त्या जुन्या धुराला कुणी सांगितलंच नव्हतं. सायकलींवरून कामगार पाळीला निघाले होते, ओल्या सुताचा आणि खळीचा वास येत होता, आणि मी कडेला गाडी लावून वर बघत उभी राहिले. दोन वर्षं जे विसरायचा प्रयत्न करते आहे, ते असं भल्या सकाळी समोर आलं की दिवस नासतो. माझा तरी नासला.

मी आणि माझी एक मैत्रीण, आम्ही दोघी एकाच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो. मी इथल्या तेलुगू विणकर घरातली. वडील चादरींची नक्षी आलेखाच्या कागदावर चौकट चौकट भरत काढायचे. ती सांगोल्याकडची, डाळिंबाच्या बागेतून शिकायला आलेली. स्टाफरूममध्ये छापील मराठी बोलणारी ही बाई माझ्याशी मात्र गावचंच बोलायची, आणि त्याचा मला केवढा अभिमान! ‘हितं बस की,’ एवढं ती म्हणाली तरी मला तिच्या घरातलं झाल्यासारखं वाटायचं. आणि वेड दोघींना एकच, रेडिओ दीर्घिकांचं.

अशा दीर्घिकेच्या पोटात एक प्रचंड कृष्णविवर असतं. त्यात पडू पाहणारं द्रव्य भोवती गरगरत राहतं, आणि त्यातलं थोडं आत न जाता दोन विरुद्ध दिशांना झोत होऊन बाहेर फेकलं जातं, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने. हे झोत दीर्घिका ओलांडून कितीतरी लांब जातात, तिथल्या विरळ वायूला थडकतात, पसरतात, आणि दोन्ही टोकांना ढगासारखे फुगवटे तयार होतात. त्यांना लोब म्हणतात. डोळ्यांना यातलं काहीच दिसत नाही, रेडिओ दुर्बिणीला दिसतं. कृष्णविवराचा अक्ष तसा हट्टी, पण कायमचा नव्हे. दुसरं कृष्णविवर येऊन मिसळलं, किंवा भलत्याच बाजूने द्रव्य येऊन पडू लागलं, की तो कलतो; काही वेळा भोवऱ्यासारखा संथ डुलत राहतो. मग झोत नव्या दिशेला जातात आणि जुने लोब जुन्या जागीच लाखो वर्षं मंद होत राहतात. आतून येणारं सगळं थांबलेलं, तरी पेटलेले. हे शिकवताना मी फळ्यावरचा जुना लोब परत परत गिरवत राहायचे आणि वर्गातली मुलं एकमेकांकडे बघायची.

पुण्याच्या एका संशोधिकेला अशा वळलेल्या झोतांची यादी हवी होती. ते काम आम्ही अंगावर घेतलं. रेडिओ दुर्बिणीची सर्वांसाठी खुली असलेली चित्रं छापून घ्यायची, वर ट्रेसिंग पेपर ठेवून झोताचं वळण काढायचं, बाणाने दिशा दाखवायची. डोळा स्वतःला हवं तेच बघतो, म्हणून नियम कडक होता: दोघींनी आपापल्या घरी, एकमेकींचं न बघता काढायचं. मी माझे कागद गुरुवारी प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवायचे, ती तिचे शनिवारी. रविवारी सकाळी खिडकीच्या काचेवर दोन्ही कागद एकावर एक धरायचे. पहिल्या वर्षी आम्ही काय भांडलो! ‘तू लई बारीक बघतीस. तितं वळण न्हायच, नुसता डाग हाय,’ ती म्हणायची. मी ऐकायचे नाही, आणि भांडण सात रस्त्यावरच्या चहापर्यंत चालायचं. दुसऱ्या वर्षी मात्र रेषा जुळू लागल्या. रविवारमागून रविवार, बाणावर बाण. आमची नजर एक झाली, मैत्री मुरली म्हणजे असंच होत असणार, असं मी घरी कौतुकाने सांगितलंसुद्धा. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मग तो रविवार आला. डुलत्या झोतांची एक नागमोडी दीर्घिका होती. काचेवर आमचे दोन्ही कागद तंतोतंत बसले. मी टाळीसाठी हात पुढे केला. मग खाली मूळ चित्र सरकवलं आणि मला हसूच फुटलं. चित्रात वरचं टोक डावीकडे वळलेलं, माझ्या कागदावर उजवीकडे! आमच्याकडे काही नक्षी मागावर पालथी विणतात, पाठ वर करून. म्हणून कागद उलटवून मागून तपासायची वडिलांची सवय माझ्या हाताला लागली आहे. त्या आठवड्यात तपासून झाल्यावर मी कागद सुलटा करायला विसरले आणि बाण, दीर्घिकेचा क्रमांक सगळं पालथ्या बाजूवरच काढून मोकळी झाले. विणकराच्या लेकीचीच चूक ही. हसता हसता मी थांबले. तिच्याही कागदावर ते टोक उजवीकडेच होतं. डाळिंबाच्या बागेत कुणी कागद पालथा करून बघत नाही.

‘हे तू चित्रावरनं काढलंस?’ मी विचारलं.

तिने काचेवरचा स्वतःचा कागद काढून घेतला. ‘न्हाय. तुज्या कागदावरनं.’

‘कधीपासून?’

‘लई दिवस झाले. नवरा आन् मी क्लास काडायचं ठरवलंय. मन उडालं माजं ह्यातनं. तुला सांगायचं हुतं, पर तुजं त्वांड बघून सांगवंना.’

‘मग यायचं थांबवायचंस.’

‘तू वाट बघत बसली असतीस की,’ ती म्हणाली.

तिने दुसरी वाट धरली याचा मला राग नाही, असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे तोही आहे. पण त्याहून मोठा राग तिच्या दयेचा आहे. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. माझं काही तिने चोरलं असतं तर निदान चोरीचा आळ तरी घेता आला असता. तिने दर रविवारी माझ्याच रेषा तिच्या म्हणून मला परत दिल्या, आणि चहाचा कप हातात धरून मी वर्षभर स्वतःशीच बोलत बसले. त्या सत्राअखेर तिने कॉलेज सोडलं. आमचं बोलणं त्याआधीच संपलं होतं.

संशोधिकेला कळवायला हवं होतं. एकाच माणसाची नजर हा पुरावा होत नाही, म्हणून खोटे कागद बाद करायला बसले. पण खोटं नेमकं कोणत्या रविवारी सुरू झालं? लोब किती विझला आहे यावरून झोत केव्हा वळला याचा अंदाज तरी बांधता येतो. माझ्यासमोर जमिनीवर पसरलेले जुळणारे कागद सगळे सारखेच टवटवीत होते. ज्या दिवसांत मी सुखी होते, त्यातले खरे किती, हे मला कधीच कळणार नाही. शेवटी मी न जुळणारा शेवटचा कागद शोधला; तो तरी नक्की तिने स्वतः बघून काढलेला होता. तिची रेष माझ्या रेषेपासून बोटभर लांब, आणि कोपऱ्यात त्या रविवारी पेन्सिलीने लिहिलेलं तिचं अक्षर: ‘तुजं चुकलंय. परत बघ.’ तेव्हा मी मानलं नव्हतं. आता मूळ चित्र काढलं, खिडकीशी नेलं आणि खूप वेळ परत बघितलं.

तिचंच बरोबर होतं. त्यापुढचे सगळे कागद बाद करून यादी मी तिथेच संपवली. त्या शेवटच्या दीर्घिकेपुढे दोघींची नावं लिहिली, तिचं आधी.