हाडात गेलेलं पाणी

माझ्या लेकाच्या पाठीवर सून गुडघे रोवून बसली होती. तो बांधावर पालथा, पोटाखाली उपडं घमेलं, आणि ती सगळं अंग टाकून त्याची पाठ दाबत होती. आमच्या कोळंबीच्या तलावाचं हिरवट पाणी त्याच्या नाकातोंडातून येत होतं. मी धापा टाकत पोचले, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आई, पानी काढतंय."

मी तिला बाजूला सारलं आणि स्वतः दाबायला लागले. आमच्याकडे बुडालेल्याला असंच करतात. पालथा घालायचा, पोटाखाली घागर नाहीतर घमेलं द्यायचं, आणि दाबायचं. दाबताना काहीतरी कट्कन वाजलं. आम्ही थांबलो नाही. पाणी सगळं काढलं. जीव काही आला नाही.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात त्याला फाडलं. कापणारी डॉक्टर तरणी मुलगी होती. तिने हवालदाराला सांगितलं, बरगड्या मोडल्यात, पाठीवर मार आहे, पोटावर गोल वळ आहे, आणि बुडालेल्याच्या अंगात असतं तितकं पाणी नाही. कशाने मेला ते आत्ता लिहून देता येणार नाही.

माझा धाकटा दीर तिथेच उभा होता. तो ओरडला, "पानीच न्हाय तर बुडला कसा? हिनंच घरी मारलान आणि तळ्यात टाकलान! सकाळचं भांडान अख्ख्या वाडीनं ऐकलाय."

भांडण झालं होतं, ते खरं. लेकाला तलाव विकून नवी मुंबईला कंटेनर चालवायला जायचं होतं. सून म्हणत होती, ही कोळंबी निघू दे, मग जा कुठे जायचं ते. तलाव तीच बघायची. पाण्याला रंग आला की नाही हे पहाटे उठून बघायची, कारण तो रंग बारीक शेवाळाचा, त्यावर कोळंबी पोसते.

आम्ही दाबलं, घमेलं ठेवलं, हे मी हवालदाराला सांगितलं. तो म्हणाला, "आजी, ते तुम्ही सांगताय. तो पाण्यात गेला तेव्हा तुम्ही पाहिलंत का?"

"नाही."

"भांडण ऐकलंत?"

"ऐकलं."

सुनेचा बाप माझ्या पुढ्यात हात जोडून उभा राहिला. "विहीणबाई, पाय घसरताना बघितला म्हना. एक शब्द बोला. पोरगी वाचंल माजी."

"नाही बघितला तर कसं म्हणू?"

"मग ती मेली तरी चालंल तुमाला?"

दीर दुसऱ्या बाजूने कानाशी लागला, ती त्याला मारायची असं सांग म्हणून. त्याला म्हटलं, "खोटं बोलायचंय तर तुझ्या तोंडाने बोल. माझं कशाला पायजे?"

मग डॉक्टरने मला आत बोलावलं आणि बाकावर बसवलं. म्हणाली, "आजी, मांडीच्या हाडाचा तुकडा घ्यावा लागेल, मुंबईला पाठवायला. अंगातलं पाणी तुम्ही काढलंत, पण हाडातलं काढता येत नाही."

मला कळलं नाही. तिने नीट सांगितलं. पाण्यात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ असतं. त्याला काचेसारखं टणक कवच असतं, ते कुजत नाही. जिता माणूस बुडताना पाणी श्वासात ओढतो, ते शेवाळ रक्तात उतरतं आणि रक्ताबरोबर हाडाच्या आतल्या मगजात जातं. मेलेल्याला पाण्यात टाकलं तर रक्त फिरत नाही, मग तिथवर पोचत नाही. खाऱ्या तलावाचं शेवाळ वेगळं, आमच्या घरच्या विहिरीचं वेगळं; विहिरीत बुडवून तलावात आणून टाकला असेल, तर तेही कळतं. म्हणून दोन्हीकडचं पाणी बाटलीत भरून हवालदार घेऊन जाणार होता.

दीर दारातून म्हणाला, "हाड न्हाय द्यायचा! अख्खा जाऊ दे तो."

मी डॉक्टरला विचारलं, "केवढं?"

"बोटभर."

"घ्या. जाळायचंच आहे ते."

लेकाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारातली माणसं घरी आली, वंदना झाली, पण मुंबईचा निकाल आला नव्हता. सून चहा घेऊन फिरली तर बायका कप घेईनात. एक म्हणाली, पित्त झालंय. दुसरीला पण पित्तच. मी म्हटलं, "सगळ्या वाडीला एकदम पित्त? जा मग घरी, पडा." दोघी-तिघींनी घेतला.

ती जेवत नव्हती. तिच्या माहेरचे न्यायला आले, तर गेली नाही. गेली तर पळाली म्हणतील, एवढं तिला कळत होतं. हवालदार येऊन रोज तेच तेच विचारायचा. एकदा दुपारी ताट पुढ्यात घेऊन ती नुसती बसली होती. मी सरळ विचारलं.

"तू ढकललंस काय गो त्याला?"

तिने मान वर केली. "न्हाय."

"मग जेव."

"आणि त्या लोकांनी मानलं न्हाय तर?"

"तर तुरुंगात पण जेवावं लागतं. सवय ठेव."

तिला हसू आलं की रडू, ते मी बघत बसले नाही. भात मात्र तिने खाल्ला.

निकाल आला तेव्हा भात कापून झाला होता. डॉक्टरने आम्हा दोघींना बोलावलं. हाडाच्या मगजात शेवाळ सापडलं होतं, तलावाच्या पाण्यातलंच. विहिरीच्या पाण्याशी ते जुळत नव्हतं. म्हणजे तो तलावात जिता गेला आणि तिथेच बुडाला. बरगड्या आम्ही दाबल्यामुळे मोडल्या, हेही तिने आता लिहून दिलं.

मी विचारलं, "पण पडला कसा?"

"ते शेवाळ सांगत नाही, आजी."

लहानपणी त्याला फीट यायची, ते मी तेव्हा सांगितलं. मोठेपणी बंद झाली होती म्हणून मला आठवलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाली, असू शकेल. फीट आली तर पोहता येणारा माणूसही छातीभर पाण्यात बुडतो. नक्की तिलाही माहीत नाही, मलाही नाही.

हवालदाराने पुन्हा फेरी मारली नाही. दीर आमच्या दारात येत नाही, आम्ही बोलावत नाही. कोळंबी उशिरा निघाली, पण निघाली.

माझा लेक त्या पाण्यात मेला. सून जिवंत आहे, माझ्याच घरात आहे. मीही जिवंत आहे.