जावईबापूंची मोटर

मंडळी, आज सकाळी घोटावड्यात दत्तूकाकांच्या विहिरीवर जे पाहिलं, ते सांगतो.

काकांचं डिझेल इंजिन हँडल मारून चालू होतं. मागं एकदा हँडल उलटं फिरून त्यांचं मनगट मोडलं. शेतीची थ्री फेज वीज गेली तरी सिंगल फेज असते, म्हणून हँडलऐवजी इंजिन फिरवायला इंजिनियर जावयाने सिंगल फेजची मोटर पट्ट्याने इंजिनाला जोडली. इथवर ठीक.

मोटर फिरली, पण इंजिन हलेना. पट्टा घसरून जळू लागला. जावईबापू म्हणाले, "मोटर लहान पडतेय. डबलची आणू."

इकडे भेंडी सुकत होती, म्हणून काका त्याच हाताने हँडल उचलायला निघाले.

मी इंजिनाच्या डोक्यावरची दाब सोडायची कळ उचलली, म्हणजे इंजिन हलकं फिरतं, मोटर चालू केली आणि इंजिनाने वेग घेतल्यावर कळ खाली पाडली. इंजिन चालू. लगेच मोटर सरकवून पट्टा सैल केला, नाहीतर इंजिनच मोटरला ओढत बसतं.

काकांना बाजूला घेतलं. "तीस वर्षं ही कळ उचलताय. बोलला का न्हाई?"

"जावई हाय त्यो. चारचौघांत चूक कशी काढायची?"

त्याची डिग्री आणि यांचा मानपान, दोन्ही मला सारखेच भंगार वाटले. तुमच्याकडे जावयाची चूक त्याच्या तोंडावर कोण सांगतं?