लॉककीपर दारू पीत नव्हता

रियाधला येण्याआधी आम्ही पाच वर्षं इंग्लंडमध्ये, एका नदीकाठच्या गावात राहिलो. नवऱ्याचं ऑफिस जवळच्या शहरात होतं, मुलगी शाळेत जायची आणि मला नोकरी मिळत नव्हती. गावात हौशी मंडळींचं एक इतिहास मंडळ होतं. गावावरच्या पुस्तकासाठी त्यांना म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी फोनवर रेकॉर्ड करून टाइप करून देणारं कोणीतरी हवं होतं. मी तयार झाले. दोन हिवाळे मी घरोघरी जाऊन बसले, चहा प्यायले आणि ऐकलं. पूर, बेकरी, शाळेची घंटा, बर्फात अडकलेल्या मेंढ्या, सगळं टाइप करून दिलं.

त्यातली सगळ्यात मोठी मुलाखत गावातल्या जुन्या लॉककीपरच्या मुलीची होती. त्या नदीवर बंधारा आहे. बोटींना वरच्या पाण्यातून खालच्या पाण्यात उतरवायला त्याच्या बाजूला दोन दारांचा हौद असतो, त्याला लॉक म्हणतात. ती दारं आणि बंधाऱ्याची लोखंडी झडपं सांभाळणारा माणूस म्हणजे लॉककीपर. मी भेटले तेव्हा त्याची मुलगी नव्वदीला टेकली होती. पाय गेले होते, पण बोलणं खणखणीत. पहिल्या तीन भेटींत तिने मला फक्त तिच्या आईच्या शिवणकामाबद्दल सांगितलं. चौथ्या भेटीत म्हणाली, "आता ते यंत्र नीट चालू आहे ना, बघ."

ती सात वर्षांची असतानाची गोष्ट. वसंतातला पूर होता. नदीकाठच्या मोठ्या बंगल्याच्या हिरवळीवर पाणी चढायला लागलं होतं आणि दुसऱ्या दिवशी तिथे पाहुणे यायचे होते. बंगल्याचा मालक चिखलाचे बूट घालून थेट यांच्या स्वयंपाकघरात आला. सगळी झडपं एकदम उघड म्हणाला. वडील म्हणाले, "साहेब, एकेक उघडतो. खाली कुरणात माणसं आहेत, त्यांना आधी निरोप जाऊ दे." मालकाने ऐकलं नाही. स्वतःच्या दोन नोकरांना घेऊन गेला आणि झडपांची चाकं फिरवून घेतली. खालच्या कुरणातून होडीत गवत भरणारे दोघे भाऊ पाण्याच्या लोंढ्यात गेले.

चौकशी झाली. लॉककीपर दारू प्यायला होता, असं ठरलं. आठवड्याभरात नोकरी गेली, नोकरीबरोबर मिळालेलं घर गेलं. आई लोकांचे कपडे धुऊ लागली. आणि त्या मुलीला शाळेत कोणी शेजारी बसू देईना.

"माझे वडील चॅपलला जाणारे, दारू पाप मानणाऱ्या पंथातले," ती म्हणाली. "आमच्या घरात सफरचंदाची साधी दारूसुद्धा कधी आली नाही. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. विचारलंच नव्हतं कोणी."

मी सगळं शब्दशः टाइप केलं. तिला वाचून दाखवलं, तिची सही घेतली आणि मंडळाच्या अध्यक्षांच्या हातात दिलं. ते निवृत्त हेडमास्तर, फार सभ्य माणूस. "अनमोल आहे हे," म्हणाले. त्यानंतर नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही रियाधला आलो.

गेल्या वर्षी एका शुक्रवारी सकाळी अध्यक्षांच्या मेलमधून त्या पुस्तकाची फाइल आली. छान मांडणी, जुने फोटो, आभाराच्या पानावर माझंही नाव. मी आनंदाने लॉकचं प्रकरण उघडलं. त्यात लिहिलं होतं की लॉककीपरला दारूचं व्यसन होतं, त्याच्या हातून दुर्दैवाने दोन जीव गेले, आणि मोठ्या बंगल्याच्या मालकांनी मोठ्या मनाने त्या दोघांच्या आईला आयुष्यभर मदत केली. मुलीच्या मुलाखतीतून उचलला होता फक्त आईच्या शिवणकामाचा परिच्छेद.

मी ते तीनदा वाचलं. माझे वडील पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कालव्याचं पाणी कोणाच्या शेतात आधी सोडायचं हे वरून कोणीतरी ठरवायचं आणि लोकांच्या शिव्या आमच्या दारात येऊन पडायच्या. मला हे काही नवीन नव्हतं. पण इथे तर मी स्वतः टाइप केलेले कागद होते, सहीसकट.

नवरा पोहे परतत होता. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "खलास, सोड आता. आपला राहण्याचा इकामा इथला, घर नाशिकला. त्या गावाशी आपला काय संबंध?"

"माझं नाव आहे त्यात," मी म्हटलं. "म्हणजे हे मी लिहून दिलं असं होतं."

मुलगी सोफ्यावरून म्हणाली, "मम्मा, जस्ट कॉल देम."

मी त्याच दुपारी व्हिडिओ कॉल लावला. अध्यक्षांनी हसून रियाधच्या उन्हाची चौकशी केली. मी म्हटलं, "उन्हाचं राहू दे. ती मुलाखत कुठे गेली?"

"जागेची अडचण होती," ते म्हणाले. मग म्हणाले की सात वर्षांच्या मुलीची आठवण, तिला पुरावा कसा मानायचा. मग खरं बोलले. "गावाचा हॉल उभा आहे ती जागा त्या कुटुंबाने दिली आहे. त्यांचा नातू आमच्या मंडळात आहे. गावात सगळ्यांना एकत्र राहायचंय. तुम्ही समजून घ्याल."

"लॉककीपर प्यायला होता याला काय पुरावा आहे तुमच्याकडे?"

"गावात सगळ्यांना माहीत आहे ते."

मी माझं नाव काढायला सांगितलं. पुढच्या आवृत्तीत काढू, म्हणाले. त्यांचा आवाज एकदाही चढला नाही आणि मला त्याचाच जास्त राग आला. एका माणसाला मेल्यावरही दारुडा ठरवायचं आणि वर मलाच समजूतदारपणा शिकवायचा.

आता म्हातारीला कसं सांगायचं हा प्रश्न होता. ती वृद्धाश्रमात होती. तिच्या भाचीने फोन तिच्या कानाशी धरला. मी चाचरत सुरुवात केली, तर ती म्हणाली, "वाचलं मी. मला माहीत होतं ते छापणार नाहीत."

"मग मला का सांगितलंत?"

"तू इथली नव्हतीस म्हणून. तुझ्याकडे माझा आवाज आहे अजून?"

रेकॉर्डिंग माझ्या जुन्या फोनमध्ये होतं. पुढचे तीन शुक्रवार मी जेवणाच्या टेबलावर बसून ते पुन्हा ऐकलं आणि एकही वाक्य न गाळता उतरवून काढलं. आवाज आणि कागद दोन्ही जिल्ह्याच्या दफ्तरखान्याला पाठवले. तिथल्या बाईंनी आभार मानले आणि नोंद करून घेतली. एक प्रत भाचीला पाठवली. तिने चार पानं छापून गावातल्या दुकानात, त्या पुस्तकाच्या गठ्ठ्याशेजारी ठेवली. दुकानदाराने दोनदा ती उचलून आत टाकली. भाचीने तिसऱ्यांदा ठेवली तेव्हा त्याने राहू दिली.

अध्यक्षांचा मेल आला की असं काही करण्याआधी मंडळाला विचारणं शिष्टाचाराला धरून झालं असतं. मी कळवलं की छापण्याआधी तुम्ही लॉककीपरच्या मुलीला विचारलं होतं का, ते आधी सांगा. पुस्तक अजून विकलं जातंय, त्याच प्रकरणासकट.

एक गोष्ट मात्र झाली. बुडालेल्या त्या दोन भावांचं कुटुंब अजून गावातच आहे. त्यांनी लॉककीपरच्या घराशी कधीच बोलणं ठेवलं नव्हतं. दुकानातली पानं वाचून त्या भावांची पुतणी, तीही आता सत्तरीची, वृद्धाश्रमात गेली. दोघी तासभर बसल्या. भाचीने मला फोटो पाठवला. दोघींच्या मध्ये चहाचे कप, कोणीच हसत नव्हतं.

नवरा फोटो बघून म्हणाला, "बघ, झालं की चांगलं."

चांगलं झालं हे खरं आहे. पण मला राहवलं नाही. मी म्हटलं, त्या म्हातारीसमोर कोणीतरी येऊन बसायला ऐंशी वर्षं लागली, आणि तेवढी वर्षं तो बंगला आपल्या हिरवळीवर पाहुणे बोलावत राहिला.