वाढत्या मापाचे मामाजी

आमच्या मामाजींनी उभ्या आयुष्यात एकाही माणसाला तो आहे तेवढाच मानला नाही. वरठीला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं शिलाईचं दुकान होतं आणि त्या दुकानात पाय ठेवणारा प्रत्येक जण, मग तो पाळण्यातला असो की रिटायर व्हायला टेकलेला, मामाजींच्या मते अजून वाढायचा राहिलेला असे. गळ्यात टेप, कानावर खडू, असा त्यांचा थाट. पण टेपवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ते छातीभोवती टेप फिरवत, "हे झालं आजचं" असं म्हणून सोडून देत आणि मग डोळे बारीक करून गिऱ्हाइकाच्या डोक्याच्या जरा वर, जिथे तो बिचारा अजून पोचलेला नसे, तिथे बघत बघत कापडाला कात्री लावत. पॅन्टच्या पायाशी चार बोटं कापड आत दुमडलेलं, बाह्यांत दुमडलेलं, बगलेखालच्या शिलाईत दाबलेलं. कारखान्यातला एखादा कामगार नवा शर्ट अंगात घालून कुरकुरायचा, "मामाजी, ढिल्ला होऊन राहिला ना!" मामाजी त्याला वरून खालपर्यंत न्याहाळत आणि शांतपणे सांगत, "शर्ट बरोबर हाय. तूच कमी हायेस. भरशीन."

माणसाच्या वाढीबद्दल त्यांचं स्वतःचं एक शास्त्र होतं आणि ते निम्म्याहून अधिक वेळा चुकायचं. पण चुकलं म्हणून त्यांनी ते कधी बदललं नाही. त्यांचं म्हणणं असं, की आधी पाय वाढतात, मग हात, मग नाक, मग माणूस, आणि अक्कल वाढायची असलीच तर सगळ्यांत शेवटी. त्यामुळे शाळेचा ड्रेस शिवायला आलेल्या पोराचे ते आधी पाय बघायचे. एका मोठ्या पावलांच्या पोराला त्यांनी एवढं कापड दुमडून दिलं होतं, की चालताना त्याच्या पॅन्टचे पाय धपधप आवाज करत. तो पोरगा शेवटपर्यंत वाढला नाही, नुसता आवाज करत राहिला. त्यांनी शिवलेलं झबलं बारशाला कधी व्हायचं नाही, ते पहिल्या वाढदिवसाला नीट बसायचं. बारशाच्या दिवशी बायका त्यात बाळ शोधत बसत. कंठ फुटायला लागलेला पोरगा दुकानाबाहेरून ओरडत गेला, तरी मामाजी आतून म्हणत, "याची कॉलर सोडा लागते आता." नवरीच्या ब्लाऊजमध्ये दोन्ही बाजूंना सढळ कापड दाबून ते नवरीच्या आईला, सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात समजावून सांगत, "पहिल्या बाळंतपनाले कामी येईन, काकू." नवरी लाजेनं भिंतीत शिरायची बाकी राही. तुमसरच्या राईस मिलमधल्या एका नवरदेवाचा कोट त्यांनी असा शिवला होता, की हार घालायच्या वेळी त्याचे हातच बाहेर येईनात. शेवटी करवल्यानं मागून बाह्या ओढून धरल्या तेव्हा लग्न लागलं. वऱ्हाडी हसून लोळले. मामाजींचा चेहरा ढिम्म. "लग्नानंतर मानूस भरते," एवढंच ते बोलले. आणि खरं सांगायचं तर तो भरलाही. पोराच्या नामकरणाला तो कोट त्याला असा चोख बसला होता की जणू आदल्या दिवशी शिवला असावा.

मी पाचवीत होतो तेव्हा आमच्या जिल्ह्याचे दोन झाले आणि गोंदिया वेगळा निघाला. दुकानात पेपर वाचून लोक तावातावानं बोलत होते. मामाजी मशीन चालवत ऐकत होते. शेवटी पायडलवरचा पाय थांबवून म्हणाले, "ज्यानं शिवला, त्यानं आत कापडच नाही ठेवलं. मंग उसवन नाही तं काय!"

आता माझ्याबद्दल. आमच्या शाळेत पोरगा किती वाढला हे कोणी भिंतीला उभं करून पाहत नसे, पॅन्टकडे पाहिलं की कळे. कारण अर्ध्या शाळेच्या पॅन्टी मामाजींनी शिवलेल्या. आठवीत फुलपॅन्ट शिवायची, ती धुऊन धुऊन विटायची, आणि पोरगा वाढला की पायाची एक दुमड सोडायची. आतलं कापड न विटलेलं, गर्द निळं असायचं. म्हणून एक दुमड सोडली की पायाशी गर्द निळा पट्टा दिसे आणि दुसरी सोडली की दुसरा. दहावीत जाईपर्यंत माझ्या सगळ्या दोस्तांच्या पायांवर दोन-दोन पट्टे आले होते. माझी पॅन्ट एकरंगी. आठवीत जिथे होतो तिथेच मी होतो. प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यांत पुढे, आवाज पोरीसारखा, ओठावर लव नाही. पोरं मला पाव म्हणत, म्हणजे पाव किलोतला पाव. आंब्याच्या फांदीला लोंबकळून झालं, लोटा भरून दूध पिऊन झालं. आईनं डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, काही पोरं उशिरा वाढतात, वाट पाहा. पण वाट पाहायची म्हणजे रोज त्या पॅन्टमध्ये शाळेत जायचं, आणि मला आतून खात्री पटत चालली होती, की आपलं जे व्हायचं होतं ते होऊन गेलं. एके दिवशी मी शाळेत जाणारच नाही म्हणून घरी बसलो. पुन्हा कधीच जाणार नाही, असं ठरवूनच बसलो होतो.

आईनं ती पॅन्ट पिशवीत घातली आणि मला धरून शेजारच्या वरठीला आणलं. मामाजींनी मला दुकानात उभं केलं. टेप लावली. पुन्हा लावली. चष्मा पुसून तिसऱ्यांदा लावली आणि आईवरच ओरडले, "बाई, तुह्यं ध्यान कुठं राहते वं? पोरगं वाढून बसलं आन् तू त्याले आखूड पॅन्टीत हिंडवून राहिली!"

"खरंच, दादा?" आई म्हणाली.

"मंग टेप खोटी बोलते का?" ज्या टेपवर त्यांनी जन्मात विश्वास ठेवला नव्हता, तिच्यावर हात ठेवून ते म्हणाले. मला त्यांनी चहा आणायला पिटाळलं. परत आलो तेव्हा पॅन्ट तयार होती आणि तिच्या पायाशी गर्द निळा पट्टा होता. मी ती तिथेच घातली. टाचेशी बरोबर बसली. मामाजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. "धानाचं परहं बोटभर दिसते म्हनून वावर लहान नसते ठेवत, बाबू. अजून एक दुमड बाकी हाय तुह्यी. जा शाळेत."

मी गेलो. दुसऱ्या दिवशी त्या पट्ट्याकडे बघत बघत, मान ताठ करून, सगळ्यांना पॅन्ट दिसेल अशा बेतानं गेलो. दोस्त अजून माझ्याहून उंचच दिसत होते, पण तेही वाढत असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. दहावी पार पडली. आणि अकरावीत मला खरोखरच फुटवा आला. एवढा, की आईच्या हाताखालून जाणारा मी वर्षभरात तिच्या डोक्यावरून पलीकडचं बघायला लागलो. दुसरी दुमड सोडायची वेळ आली तेव्हा ती पॅन्टच जुनी झाली होती. आईनं तिची पिशवी शिवायला घेतली. उसवता उसवता ती थांबली आणि मला हाक मारली. कमरपट्टीच्या खाली, शर्टाच्या आड लपेल अशा जागी, आतून एक बारीक चुणी घातलेली होती. पायाशी जेवढं कापड सोडलं होतं, बरोबर तेवढंच वर दाबलेलं. म्हणजे त्या दिवशी मी सुताएवढाही वाढलेलो नव्हतो. आई हसायला लागली आणि मग पदरानं डोळे पुसायला लागली. मामाजींना आम्ही दोघांनी कधी काही विचारलं नाही. पण मी आज जो काही आहे, तो त्या दाबलेल्या कापडावर उभा आहे असं मला वाटतं, आणि हे मी कोणालाही सांगायला तयार आहे.

मामाजी आता थकले. हात कापतात, सुईत दोरा जात नाही, मशीनवर चादर टाकलेली असते. चौदा एप्रिलच्या जयंतीला आमच्याकडे सगळे पांढरे कपडे घालून विहारापासून निघतात; मामाजींचा पांढरा शर्ट त्यांनी स्वतः तरुणपणी शिवलेला आणि जिवापाड जपलेला. यंदा आदल्या आठवड्यात मी भंडाऱ्याहून भेटायला गेलो, तेव्हा तो शर्ट घालून ते खाटेवर बसले होते. बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. "मी आटून राहिलो, बाबू," ते म्हणाले. "साऱ्या गावाले म्या वाढवलं, आता लोकायसमोर हा असा जाऊ का? नाही येत मी यंदा रॅलीत." दुसरं कोणी बोललं असतं तर मी समजूत घातली असती. पण माणूस लहान होतो, ही गोष्ट मामाजींच्या शास्त्रातच नव्हती.

धुवायला म्हणून मी शर्ट नेला आणि भंडाऱ्यातल्या एका टेलरपुढे ठेवला. तो कात्री घेऊनच बसला होता. मी म्हटलं, कापायचं नाही, खांद्याजवळ आतून दाबून घ्या, बाहेरून दिसता कामा नये.

"वय किती बाबाजीचं?"

"सत्तरीच्या पुढं."

"मंग कापड कायले ठेवता? आता कुठं वाढतीन ते?"

"वाढतीन," मी म्हटलं. "तुम्ही ठेवा."

जयंतीच्या सकाळी मी त्यांना शर्ट घातला. बाही मनगटाशी येऊन थांबली. मामाजींनी हात लांब करून पाहिला, मग दुसरा. मग त्यांची बोटं सावकाश खांद्याकडे गेली. बाहेरून दिसत नसली तरी त्या बोटांपासून शिलाई लपणार कशी? ती आतल्या चुणीवर आली आणि तिथेच थांबली.

"कोनापासून शिकला बे हे?"

"तुमच्यापासूनच, मामाजी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नेहमीसारखं डोळे बारीक करून, डोक्याच्या जरा वर.

"कापलं तं नाही ना?"

"नाही. आत हाय सारं."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्याला धरून उठले. "चाल. रॅली निघून जाईन."