तोडलेल्या वायरवरचा दिवा

आधीच सांगते, असले अनुभव वाचताना मी 'फ्यूज तपासला का?' असं विचारणाऱ्यांपैकी आहे. आमच्या घरात भूत, नजर, मुहूर्त यांतलं काहीच कधी नव्हतं. आजोबांनी बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हाच ते सगळं मागे टाकलं. पुढे मी खराडीतल्या एका कंपनीत टेस्ट इंजिनिअर झाले. दुसऱ्यांनी बनवलेल्या सर्किटमधला दोष शोधायचा आणि त्यांना तो पटेपर्यंत सांगायचा, हे माझं काम. ते मला चांगलं जमतं. त्यामुळे पुढचं वाचताना 'बाईंचा काहीतरी गोंधळ झाला असेल' हा विचार कृपया बाजूला ठेवा.

माझ्या नवऱ्याने, सिद्धार्थने, ऑफिसातल्या एका मित्राकडून घडीचा कॅम्पर विकत घेतला होता. गाडीमागे जोडून न्यायची एक मोठी पेटीच म्हणा. बाहेरचं हँडल फिरवलं की छत वर उचललं जातं, चारही बाजूंना कॅनव्हासच्या भिंती ताणल्या जातात, आत दोन लांब बाकं आणि छताला तीन एलईडी दिवे. कोथरूडला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, कडुनिंबाखाली तो उभा असायचा. शेजारचे जोशीकाका रोज विचारायचे, "आपला तंबू कधी हलणार?"

दिवे मात्र पहिल्यापासून त्रास देत होते. मध्येच लुकलुकायचे, मध्येच बंद. एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी मी मल्टिमीटर घेऊन बसले. बॅटरी ठीक. फ्यूज ठीक. अर्थिंगचा स्क्रू घट्ट केला, तरी तेच. मग लक्षात आलं की छत पूर्ण वर गेलं की दिवे जातात, जरा खाली घेतलं की येतात. म्हणजे दोष वायरमध्ये, आणि तोही कोपऱ्यात, जिथे छत वरखाली होताना ती दुमडते. आवरण सोललं... आत तांबं जवळपास तुटलेलं. मला फार आनंद झाला, खोटं कशाला बोलू! तो खराब तुकडा सरळ कापून काढला आणि दोन्ही टोकांना टेप गुंडाळला. मध्ये वीतभर मोकळी जागा. नवीन वायर सोमवारी आणणार होते. बॅटरी सोडवून चार्जिंगसाठी वर घरी नेली.

म्हणजे कॅम्परमध्ये बॅटरी नव्हती आणि दिव्यांपर्यंत जाणारी वायर कापलेली होती. एवढं लक्षात ठेवा.

त्या दिवशी आम्ही दोघं पिंपरीला माझ्या ताईकडे जेवायला जाणार होतो, संध्याकाळीच परतणार होतो. सासरे, म्हणजे बाबा, ऊन सोसत नाही म्हणून घरीच थांबणार होते. मी आवरून बाहेर आले तेव्हा त्यांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. झोपले असतील, उगाच कशाला उठवा, म्हणून आम्ही खाली उतरलो. निघण्यापूर्वी कॅम्पर बंद करून कड्या लावायच्या होत्या.

कॅनव्हासच्या दाराची चेन लावलेली होती. मी हँडल फिरवायला लागले, सिद्धार्थ बाहेरून कॅनव्हास आत सारत होता. छत निम्म्यावर आलं आणि खिडकीच्या जाळीतून उजेड दिसला.

"दिवा लागलाय," मी म्हटलं.

"बॅटरी वर आहे ना?"

"वरच आहे. मीच नेली."

"मग ऊन असेल."

"कडुनिंबाखाली?"

तो वाकून बघायला लागला. "अगं, खरंच लागलाय. मधला."

मला भीती वगैरे नाही वाटली. राग आला. सकाळभर खपून मी जे पक्कं केलं होतं, ते हा दिवा खोटं पाडत होता! छत तसंच खाली घेऊन निघून जाणं मला शक्यच नव्हतं. हँडल उलटं फिरवून छत पूर्ण वर घेतलं, चेन उघडली आणि आत डोकं घातलं.

डावीकडच्या बाकावर बाबा झोपले होते. कानाचं मशीन शर्टाच्या खिशात. आणि त्यांच्या बरोबर वर तो दिवा, एकसारखा, जराही न लुकलुकता लागलेला.

छत बंद झालं असतं, चार कड्या बाहेरून लागल्या असत्या, वर ताडपत्री. एप्रिलचं ऊन. आणि आम्ही संध्याकाळपर्यंत पिंपरीत.

मी त्यांना हलवून उठवलं. ते डोळ्यांवर हात धरत म्हणाले, "किती वेळ तो दिवा डोळ्यांवर येतोय, बंद कर बघू."

मी बटणाकडे हात नेला. बटण बंदच होतं. वर पाहिलं तेवढ्यात दिवा गेला.

आम्ही आवरत असताना घरातली लाइट गेली, पंखा बंद पडला, म्हणून बाबा खाली सावलीत येऊन पडले होते. डास नकोत म्हणून चेन आतून लावून घेतली. सिद्धार्थ त्यांचा हात धरून शेजारी बसला. मी कोपऱ्यात जाऊन वायर पाहिली. कापलेलीच होती. दोन्ही टोकांना माझाच टेप.

त्यानंतर ऑफिसातल्या सगळ्यांनी आपापलं डोकं चालवलं. कोणी म्हणालं कपॅसिटरमध्ये साठलेली वीज, कोणी म्हणालं कुठून तरी झिरपलेला गळती करंट. मी एकेक तपासून पाहिलं. कापलेल्या वायरवर तो दिवा पुन्हा एकदाही मिणमिणलासुद्धा नाही. नवीन वायर टाकल्यावर मात्र आजतागायत तिन्ही व्यवस्थित लागतात.

बाबांना विचारलं तर म्हणतात, "तुला कारण सापडलं नाही, एवढंच खरं. त्यापुढचं काही मानू नकोस." मीही मानत नाही. पण आता छत खाली घेण्याआधी आत शिरून दोन्ही बाकांवर हात फिरवते, आणि ते करताना नजर आपोआप मधल्या दिव्याकडे जाते.

वाचकांत कोणी इलेक्ट्रिकलवाले असतील तर जरूर सांगा. फक्त 'लूज कनेक्शन असेल' असं म्हणू नका. कनेक्शनच नव्हतं.