रापणीतला माझा वाटा

मंडळी, सकाळपासून मन जागेवर नाही.

तारकर्लीला किनाऱ्यावर फिरायला गेलो होतो. रापणीचं, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचं, मोठं जाळं ओढणं चाललं होतं, जवळजवळ संपतच आलेलं. मीही जाऊन दोरीला हात लावला.

निघताना एका रापणकाराने माझ्या पिशवीत बांगडे घातले. मी नको म्हटलं. तो म्हणाला, "आजोबा, दोरीक हात लावलात मा? मगे ह्यो वाटो तुमचो."

मला एकदम जुना वर्ग आठवला. साठच्या दशकात मालवणातली मास्तरकी सोडून मी परदेशातल्या छोट्या बायबल कॉलेजात पुन्हा विद्यार्थी झालो होतो. एकदा येशूने सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या गोष्टीचा, म्हणजे दाखल्याचा, विषय निघाला. त्यात दिवसभर राबलेल्याला आणि संध्याकाळी आलेल्याला मालक सारखीच मजुरी देतो. सगळे म्हणाले, हा अन्याय आहे. मी म्हटलं, आमच्याकडे रापणीत शेवटी आलेल्यालाही वाटा मिळतो. प्राध्यापकांनी हातातला खडू खाली ठेवला.

दाखला मला कळलाय, असंच मी आजवर समजत होतो. पण तेव्हा मी पहाटेपासून दोरी ओढणाऱ्यांतला, उशिरा आलेल्याला वाटा देणाऱ्यांतला होतो. संध्याकाळी आलेला माणूस मी आज झालो, आणि बांगड्यांची पिशवी अजून तशीच समोर ठेवून बसलोय.

तुमच्या पदरात कधी पडलाय असा वाटा?