कुठलीही दांडी, कुठल्याही पाटाला

रंभा बांबोळे मॅडमचे वडील देवराव राईस मिलमध्ये मशीन चालवायचे. लहानपणी त्यांचा डबा घेऊन गेलेली रंभा तासभर तरी घरी परतायची नाही. धान आत जातो, तांदूळ इकडून पडतो, कोंडा तिकडून उडतो, हे बघत उभी राहायची. दहावीनंतर देवरावांनीच तिला फिटरच्या कोर्सला घातलं. सगळ्या बॅचमध्ये ती एकटी मुलगी. पोरगी काय हातोडा चालवणार, असं कुणी म्हटलं की ते म्हणायचे, "हातोडा कोन चालवते, हे लोखंडाले समजत नाई."

पुढे चंद्रपूरच्या एका कारखान्यात मॅडमनी बारा वर्षं काम केलं. वडील थकले तशा गावाकडे परतल्या आणि कुरखेडा तालुक्यातल्या आमच्या लहानशा तंत्रशाळेत शिकवायला लागल्या. मी निशा, त्यांच्या वर्गातल्या अकरा जणांपैकी एक. वस्तूची रचना कशी करायची आणि ती तयार कशी करायची, हा त्यांचा विषय. पुस्तक होतं, पण मॅडम ते क्वचितच उघडायच्या.

आम्ही शाळेत आलो त्याच वर्षी मॅडमनी टोळ फोडायचं यंत्र बनवलं होतं. टोळ म्हणजे मोहाचं बी. जून-जुलैत बाया रानातून टोळ वेचून आणतात, दगडावर एकेक बी ठेवून दुसऱ्या दगडाने फोडतात आणि आतल्या गराचं तेल काढतात. बोटं ठेचतात, नखं काळी पडतात. मॅडमनी दोन रोलर, गिअर आणि मोठं हँडल असलेलं, कमरेइतकं उंच लोखंडी यंत्र तयार केलं, त्याला हिरवा रंग दिला. जिल्ह्याच्या प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं. मग ते जंगलातल्या एका गोंडांच्या गावी मंगलीबाईंच्या अंगणात नेऊन बसवलं. गावातल्या बाया त्यांच्याच अंगणात जमून टोळ फोडायच्या.

महिन्याभराने मॅडम मला आणि माझ्या वर्गातल्या प्रफुलला घेऊन तिथे गेल्या. यंत्र अंगणाच्या कोपऱ्यात उभं होतं. हँडलवर गोधडी वाळत होती आणि वरच्या डब्यात कोंबडी अंड्यांवर बसली होती. सहा बाया जमिनीवर गोल करून दगडाने टोळ फोडत होत्या.

मंगलीबाई ओशाळून उठल्या. "बाई, मशीन लय मजबूत हाये. कोंबडी उठली का चालवतोच."

मॅडम हसल्या नाहीत. "मंगलीबाई, खरं सांगा. काऊन नाई चालवत?"

"खरं सांगू? राग नाई येनार?"

"नाई येत."

"उभं राहून दिवसभर काम होत नाई आमच्यानं. एक हात हँडलले, एक हात टोळ टाकाले, मंग लेकराले कोन धरन? मोठी टोळ असली तर गर चेंदून जाते, बारीक असली तर तशीच खाली पडते. अन् मशीनपाशी एकच बाई पाहिजे. बाकीच्यानं काय तोंड पाहात बसाचं?"

परतताना मॅडम जीपमध्ये पुढे बसल्या होत्या. प्रफुल माझ्या कानात म्हणाला, "आता हे यंत्र गुपचूप भंगारात जाते पाहा."

मलाही तसंच वाटलं होतं. पण कोंबडीची पिल्लं निघाल्यावर मॅडमनी ट्रॅक्टर पाठवून ते यंत्र परत आणलं आणि वर्गात मधोमध ठेवलं. "हे मी बनवलं," त्या म्हणाल्या. "वेल्डिंग चांगलं आहे, माप बरोबर आहे, बक्षीसही आहे. आणि एकही बाई ते वापरत नाही. काय चुकलं ते तुम्ही शोधा."

आमच्या शिक्षकांपैकी कुणाला आम्ही असं बोलताना ऐकलं नव्हतं. शेवटी मीच भीतभीत विचारलं, "मॅडम, बनवायच्या आधी तुम्ही त्या बायांसोबत बसल्या होत्या?"

"नाही," त्या म्हणाल्या. "तिथंच चुकलं. कारखान्यात मला ड्रॉइंग हातात मिळायचं. ते ड्रॉइंग कुठून येतं, हे मी कधी विचारलंच नाही."

पुढचे चार शनिवार आम्ही मंगलीबाईंच्या अंगणात होतो. कागदावर एकही रेघ ओढायची नाही, अशी मॅडमची सक्त ताकीद होती. फक्त टोळ फोडायची आणि बघायचं. पहिल्याच दिवशी प्रफुलचा अंगठा ठेचला. बाया पोट धरून हसल्या आणि त्यानंतर आमच्याशी मोकळं बोलायला लागल्या. आम्ही दोनशे बिया मोजल्या. एकाच झाडाखालच्या बियांतही लहान-मोठ्यात जवळजवळ दुपटीचा फरक होता.

तिसऱ्या शनिवारी मंगलीबाई पावशीवर, म्हणजे विळीवर, दोडके चिरत होत्या. पाट पायाखाली दाबलेला, दोन्ही हात मोकळे, बोलणं चालूच. मॅडम बोलता बोलता थांबल्या आणि पावशीकडे बघत राहिल्या. मंगलीबाईंनी ते पाहिलं.

"हां बाई," त्या म्हणाल्या, "असं काही देत असान तर द्या. बसल्या जागी, पायाखाली."

नवीन वस्तू तिथूनच सुरू झाली. सागाचा छोटा पाट, त्यावर एक लोखंडी खाच. ती एका टोकाला अरुंद, दुसऱ्या टोकाला रुंद, म्हणजे बी आपल्या मापाच्या जागी आपोआप अडकते. वरून दाबायला दांडी. पहिल्या दांडीने गर चेंदला, म्हणून तिला जुन्या टायरचं रबर लावलं. दुसरी हाताला रुतली, म्हणून मूठ गोल केली. पाट आणि दांडी जोडायला सायकलची कॉटर पिन घेतली, कारण ती गावातल्या पंक्चरवाल्याकडेही मिळते. पाचव्या नमुन्यावर मंगलीबाईंनी ओंजळभर टोळ फोडली, गर हातात घेऊन निरखला आणि शेजारणीला हाक मारली, "इकडं ये, पाह्य."

गावातल्या बायांच्या बचतगटाने असे वीस पाट मागितले. आम्हाला वाटलं, एक जमलं, आता वीस काय जड आहेत? पंधरा दिवसांत वीस पाट आणि वीस दांड्या तयार झाल्या. सगळे चालत होते. प्रफुलने आठ एकट्याने केले होते.

मॅडम आल्या, त्यांनी सगळ्या पिना काढल्या, पाट एका ढिगात आणि दांड्या दुसऱ्या ढिगात टाकल्या. "आता कुठलीही दांडी उचला आणि कुठल्याही पाटाला लावा."

वीसपैकी सहाच बसल्या. कुणाचं पिनेचं भोक दोन सूत वर, कुणाचं तिरपं. प्रफुल चिडला. "मॅडम, आपापल्या जोडीत सगळे चालून राह्यले होते न! तुमी मुद्दाम मिसळवले."

"हो, मुद्दामच. उद्या गावात एकीची दांडी मोडली, तर ती शेजारणीची लावून बघणार. नाही बसली तर पाट कोपऱ्यात जाईल. हिरव्या यंत्राच्या वेळी मी बायांना विचारलं नव्हतं. ते आपण आता शिकलो. पण विचारून बनवलेली वस्तूही अशी वाया जाऊ शकते."

प्रफुल शेडबाहेर जाऊन बसला. अर्ध्या तासाने आत आला आणि कुणाशी न बोलता जाड पत्र्याचा एक तुकडा कापायला लागला. मॅडमनी कारखान्यातल्या साच्यांबद्दल वर्गात सांगितलं होतं, ते त्याने तेव्हा लिहूनही घेतलं नव्हतं. आता त्याने पत्र्याला दोन बाजूंनी कडा लावल्या आणि नेमक्या जागी एक भोक पाडलं. पाट त्या कडांना टेकवायचा आणि साच्यातल्या भोकातूनच ड्रिल मारायचं. मग कुणीही मारलं तरी भोक तिथेच पडणार. दांडीसाठी त्याने दुसरा साचा केला.

साच्यांवर तपासल्यावर चौदा पाट आणि तितक्याच दांड्या पुन्हा बनवाव्या लागल्या. या वेळी ढीग प्रफुलने स्वतः मिसळले. डोळे मिटून एकेक दांडी उचलली. विसावी पिन टक्‌कन आत गेली तेव्हा आम्ही इतका आरडाओरडा केला की बाजूच्या शेडमधले इलेक्ट्रिशियनचे विद्यार्थी धावत आले. मॅडम लेथला टेकून उभ्या होत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "आता जोडा. एकेकाच्या कडा घासा, लहान लेकरं हात लावतील."

पुढच्या हंगामात आम्ही गेलो तेव्हा अंगणात बाया पूर्वीसारख्याच गोल करून बसल्या होत्या, प्रत्येकीच्या पायाखाली पाट. एका बाईने खाचेखाली कापडी पिशवी बांधली होती, म्हणजे गर मातीत पडत नव्हता. आमच्यापैकी कुणालाच ते सुचलं नव्हतं. मॅडमनी तिला विचारून पिशवीचं माप वहीत उतरवून घेतलं.

आज प्रफुलचं चिमूरला फॅब्रिकेशनचं दुकान आहे. मी त्याच तंत्रशाळेत मॅडमच्या हाताखाली शिकवते. वर्षाच्या शेवटी परीक्षेला मंगलीबाई येतात. खुर्ची दिली तरी खाली बसतात, मुलांनी बनवलेली वस्तू उलटसुलट करून बघतात आणि पहिला प्रश्न नेहमी तोच विचारतात, "हे मोडलं तर मी काय करू?" गेल्या वर्षी तीन मुलांना उत्तर देता आलं नाही. मॅडमनी त्यांना नापास केलं नाही, आठवडाभर मंगलीबाईंच्या गावी पाठवलं.

या वर्षीच्या मुलांना तेंदूपानाचे, म्हणजे बिडीच्या पानांचे, पुडे बांधायला काहीतरी बनवायचं आहे. सोमवारी त्यांनी फळ्यावर मोठं चित्र काढलं, मोटर लावलेल्या यंत्राचं. मॅडमनी त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत नीट ऐकून घेतलं. मग फळा पुसला आणि त्यांना विचारलं, "उद्या सकाळी किती वाजता निघायचं?"